हातातोंडाशी आलेलं पाणी : केज तालुक्यातल्या एका वैफल्याचं प्रकरण

हे प्रकरण बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातल्या एका शेतकरी कुटुंबाच्या रूपात मांडलं आहे. ते कुणा एका घराचं नाही. रब्बीच्या हंगामात या पट्ट्यात पुन्हा पुन्हा समोर येणारे तपशील एकत्र बांधून ते उभं केलं आहे, म्हणून त्यात गावाचं किंवा माणसाचं नाव नाही. गावपातळीवर काम करणाऱ्या आशाताई, समुपदेशक, शिक्षक आणि घरातली माणसं यांना वापरता यावं, या हिशेबाने तपशील दिले आहेत.

प्रसंग

४ फेब्रुवारीच्या सकाळी ४१ वर्षांचा एक शेतकरी प्राथमिक आरोग्य केंद्रात आला. उजव्या तळहाताला सात टाके पडले. हात कशानं कापला, असं विचारल्यावर त्यानं सांगितलं, "पत्रा लागला." सोबत आलेल्या आशाताईंनी बाहेर थांबून बाकीचं सांगितलं. रात्री बारा वाजता लाईट आली, विहिरीवरची मोटार उचलली नाही, अर्ध्या तासात डीपीतून, म्हणजे शेतांना वीज देणाऱ्या रोहित्रातून, धूर निघाला आणि सगळा शिवार अंधारात गेला. टॉर्चही बंद पडला होता. चाचपडत घरी आल्यावर, टॉर्च चार्जिंगला लावायला विसरला म्हणून त्यानं चौदा वर्षांच्या मुलाच्या कानाखाली मारली. मग परत विहिरीवर जाऊन स्टार्टरच्या पेटीवर दगड घातला. पेटी फाटली, तिच्या पत्र्यानं हात फाटला.

गावात याचा निकाल दोन शब्दांत लागला: डोकं फिरलं. घरच्यांच्या मते हा तापटपणा, आणि त्याच्या आईच्या मते कुणाची तरी नजर. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी टाके घालून, धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन त्याला सोडलं असतं तर कागदावर काहीच चुकलं नसतं. पण रात्री तीन वाजता विहिरीवर पत्रा कसा लागला, हा आणखी एक प्रश्न त्यांनी विचारला. पुढचं सगळं काम त्या प्रश्नामुळे झालं.

आधीचे ऐंशी दिवस

त्या रात्रीकडे एकट्या पाहिलं तर हा माणूस संतापी दिसतो. पेरणीपासून तारखा मांडल्या की चित्र बदलतं. समुपदेशकांनी पहिल्या भेटीतली पहिली वीस मिनिटं यातच घातली. स्वभावाबद्दल एकही प्रश्न न विचारता त्यांनी वहीवर फक्त तारखा उतरवून घेतल्या.

गहू १५ नोव्हेंबरला पेरलेला, दोन एकर. काळ्या जमिनीत गव्हाच्या पाण्याच्या वेळा ठरलेल्या असतात: मुकुटमुळं फुटताना १८ ते २१ दिवसांनी, कांडी धरताना ४० ते ४५, फुलोऱ्यात ६० ते ६५ आणि दाणा चिकात असताना ८० ते ८५ दिवसांनी. पहिलं पाणी चालू असतानाच ८ डिसेंबरला मोटार जळाली. भरून आणायला ६,५०० रुपये आणि पाच दिवस गेले. दुसरं पाणी नीट झालं. तिसऱ्या पाण्याला, १९ जानेवारीपासून सलग सहा रात्री लाईट होती पण दाब (व्होल्टेज) नव्हता. पाणी सत्तराव्या दिवशी संपलं. चौथं पाणी हे शेवटचं, दाणा भरण्याचं. त्या पाण्याच्या वेळी, पेरणीनंतर ऐंशीव्या दिवशी, डीपीच गेली.

त्या पंधरवड्यात रात्रपाळीची लाईट होती, बारा ते आठ. भाऊ आणि भावजय दिवाळीनंतरच ऊसतोडीला गेलेले, कोयता उचललेला. म्हणजे दारं धरायला, पिकात पाणी फिरवायला, दुसरं माणूस नाही. झोप रोज तीन तास. तंबाखूच्या पुड्या चारावरून नऊवर गेलेल्या. रात्रीचं जेवण आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या खोपटात, तेही मुलानं डबा आणला तर.

झोपमोड आणि उपाशीपोट यांकडे लोक कारण म्हणून बघत नाहीत, कारण ती रोजचीच असतात. पण अडथळा तोच असताना सहा तास झोपलेला माणूस चरफडतो आणि तीन तास झोपलेला माणूस दगड उचलतो. प्रकरणाची नोंद करताना मागच्या सात रात्रींची झोप तासांत लिहून घ्यावी, "बरी लागते का झोप?" एवढ्यावर थांबू नये.

या भावनेला म्हणायचं काय

मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकात 'वैफल्य' हा शब्द येतो. बोलण्यात वैताग, चिडचिड, कावून जाणं, जीव मेटाकुटीला येणं. आमच्या मते 'वैताग' हा त्यांतला सर्वांत नेमका शब्द, कारण त्यात अजून धडपड शिल्लक आहे. एखाद्या ठिकाणी पोचायचं आहे, पोचता येईल असं वाटतं आहे, आणि मध्ये काहीतरी आडवं येतं: या तीन गोष्टी एकत्र आल्या की वैफल्य तयार होतं. इच्छाच नसेल तर ते येत नाही. आशा पूर्ण सुटली असेल तरीही येत नाही. तिथे वेगळं काही सुरू झालेलं असतं.

येल विद्यापीठातल्या जॉन डोलार्ड आणि सहकाऱ्यांनी १९३९ मध्ये मांडलं की वैफल्यातून आक्रमकता जन्मते. दोनच वर्षांनी त्याच गटातल्या नील मिलरने ती मांडणी सैल केली: वैफल्यातून अनेक प्रतिसाद निघतात, आक्रमकता हा त्यांतला एक. १९८९ मध्ये लेनर्ड बर्कोविट्झने आणखी नेमकं सांगितलं की अडवणूक अप्रिय भावना निर्माण करते, आणि ती अप्रियता आक्रमकतेकडे ढकलते. म्हणूनच थंडी, भूक, दुखणं, जागरण हे सगळं त्याच काट्यावर वजन टाकतं. या माणसाच्या बाबतीत डीपीचं वजन जेवढं होतं, त्याच्या शेजारी जागरणाचंही होतं.

आडवं येणारं जितकं शेवटाजवळ येतं तितकं ते जास्त लागतं. क्लार्क हलने १९३० च्या दशकात उंदरांवर दाखवलं की ध्येय जवळ येईल तसा धावण्याचा वेग वाढतो. मराठीत यासाठी प्रयोगाची वाट कुणी पाहिली नाही. हातातोंडाशी आलेला घास गेला की काय होतं, ते ठाऊकच आहे. डिसेंबरात मोटार जळाली तेव्हा याच माणसानं ती शांतपणे बाहेर काढून, मोटारसायकलवर बांधून केजला नेली होती. नुकसान तेव्हा पैशांत मोजलं तर जास्तच होतं. पण तेव्हा हंगाम पुढे होता.

अनियमितपणाचाही एक गुण आहे, तो नजरेआड होतो. एखादी गोष्ट कधीच मिळत नसेल तर माणूस सोडून देतो. कधी मिळते, कधी नाही, अशी असेल तर तो चिकटून बसतो, आणि प्रत्येक वेळी न मिळाल्यावर पुन्हा पेटतो. अब्राम ॲम्सेल यांनी या 'न मिळालेल्या बक्षिसाच्या' वैफल्यावर आयुष्यभर काम केलं. इथे लाईट कधी साडेबाराला येत होती, कधी दीडला, कधी दाबासकट, कधी दाबाविना. म्हणून तो रात्रभर आखाड्यावर बसून राहायचा. ती कधीच आली नसती तर तो घरी झोपला असता.

राग मुलावर का निघाला, हे सांगायला 'वड्याचं तेल वांग्यावर' पुरेसं आहे. डीपीला मारता येत नाही. लाईनमन रात्री समोर नसतो. मुलगा समोर होता, लहान होता आणि उलट मारणार नव्हता. विस्थापित रागाची दिशा बहुतेक वेळा अशीच, उताराकडे असते. ही गोष्ट समुपदेशकांनी त्याला सरळ बोलून दाखवली. दोष झाकण्यासाठी नव्हे; पुढच्या वेळी मुलगा समोर असेल तेव्हा हा उतार त्याला आधीच दिसावा म्हणून.

दोष कुणावर

सॉल रोझेनझ्वाइगने वैफल्यातला दोष तीन दिशांनी जातो असं वर्गीकरण केलं: बाहेरच्यावर, स्वतःवर, किंवा कुणावरच नाही. या घरात तिन्ही सापडले. शेतकरी म्हणायचा, "समद्या गावानं आकडे टाकलेत, माझ्या मोटारीला काय मिळणार?" रात्री उशिरा तोच बायकोला म्हणायचा, "मलाच अक्कल नाही, बोअरच्या भरवशावर हरभरा टाकला असता." आई म्हणायची, "नशिबात नाही." तिसरा प्रतिसाद शहाणपणाचा वाटतो आणि तो कधी कधी खरोखर आधार देतो. इथे त्याचा तोटा झाला: नशीब म्हटल्यावर तक्रार कुणी नोंदवलीच नाही.

सुरक्षेचं आधी

पहिल्याच भेटीत दोन गोष्टी पक्क्या केल्या, बाकी सगळं नंतर.

एक, डीपीला हात लावायचा नाही. वैतागलेला माणूस स्वतः डीओ (डीपीच्या खांबावरचा फ्यूज) ओढायला, फ्यूज बांधायला जातो, अंधारात, ओल्या पायांनी. असे अपघात मराठवाड्यात नवे नाहीत. त्यानंही जानेवारीत दोनदा किटकॅटमध्ये (फ्यूजच्या खाचेत) तार बांधली होती. तसं न करण्याचं वचन त्यानं बायकोसमोर दिलं.

दुसरं, जिवाचा प्रश्न. नैराश्याच्या चाचणीसाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची यादी वापरली. एकूण गुण २७, आणि १० किंवा त्याहून जास्त आल्यास सविस्तर तपासणी करतात. त्याचे गुण ९ आले, त्यांतले बहुतेक झोप, थकवा आणि एकाग्रतेचे. मरणाच्या विचारांबद्दलच्या नवव्या प्रश्नाला त्यानं शून्य सांगितलं. बायकोनं मात्र स्वतंत्रपणे सांगितलं की जानेवारीत एकदा तो "एकदाचं सुटावं" असं बोलला होता. त्यामुळे दुसऱ्या दिवशी पुन्हा, त्याच्याशी एकट्याशी, सरळ शब्दांत विचारलं गेलं: मरावंसं वाटलं होतं का, काही ठरवलं होतं का? असं विचारल्यानं मनात नसलेला विचार येत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर असं निघालं की विचार आला होता, योजना नव्हती. तरीही फवारणीची औषधं घरातून हलवून चुलत भावाच्या कुलूपबंद पेटीत ठेवली आणि किल्ली त्या चुलत भावाच्या बायकोकडे गेली. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा मोफत, चोवीस तासांचा क्रमांक त्याच्या आणि बायकोच्या मोबाईलमध्ये टाकून, एकदा लावून दाखवला. नुसतं नंबर लिहून देणं आणि लावून दाखवणं यांत बराच फरक आहे; रात्री दोनला अनोळखी नंबर कुणी पहिल्यांदा लावत नाही.

आधी श्वास की आधी डीपी

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ मध्ये 'प्रॉब्लेम मॅनेजमेंट प्लस' ही पाच भेटींची पद्धत प्रसिद्ध केली. मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण आणि देखरेख असलेल्या व्यक्तीला ती वापरता येते. तिच्यात संथ श्वास आधी येतो आणि अडचणी हाताळण्याचा भाग त्यानंतर. इथे क्रम उलटा केला. गहू ८४ दिवसांचा झालेला असताना श्वास मोजायला बसवणं म्हणजे त्याची अडचण ऐकलीच नाही असं सांगणं झालं असतं. आमच्या मते हा निर्णय बरोबर होता. वैफल्य ही खऱ्या अडथळ्याची खूण आहे, आणि अडथळा तसाच ठेवून फक्त खूण पुसायला निघालं की माणूस दुसऱ्या भेटीला येत नाही.

म्हणून वहीच्या पानावर तीन रकाने आखले: हातात आहे, हातात नाही, आत्ता महत्त्वाचं नाही. त्यानं सुरुवातीला सगळंच दुसऱ्या रकान्यात टाकलं. मग प्रत्येक ओळ फोडली. 'लाईट नाही' ही एक ओळ नाही. डीपी जळालेली आहे, हे एक. डीपी पुन्हा पुन्हा जळते, हे दुसरं. दाब कमी असताना मोटार जळते, हे तिसरं. रात्रपाळी आहे, हे चौथं. यांतलं चौथं खरोखर हातात नव्हतं. पहिली तिन्ही थोडी थोडी होती.

पहिल्या ओळीवर काय झालं? गावानं ४ तारखेलाच लाईनमनला तोंडी सांगितलं होतं. पाच दिवस काही हललं नाही, कारण तोंडी तक्रारीला नंबर नसतो आणि नंबर नसलेली तक्रार कुणाच्या मुदतीत बसत नाही. ग्रामीण भागात जळालेलं रोहित्र ४८ तासांत बदलावं, असं राज्य वीज नियामक आयोगाचं मानक आहे. पण ते ४८ तास मोजायला नोंद लागते. ९ फेब्रुवारीला वीज तक्रारीच्या १९१२ या क्रमांकावर फोन करून तक्रार क्रमांक घेतला. डीपीवरच्या शेतकऱ्यांपैकी अकरा जणांचे ग्राहक क्रमांक एका कागदावर लिहून, वीज कंपनीच्या उपविभागीय कार्यालयात अर्ज देऊन, पोच घेतली. ११ तारखेला नवी डीपी आली. तक्रार क्रमांक त्यानं स्वतः फोन करून मिळवला, समुपदेशकांनी नव्हे. फोनवर काय बोलायचं हे मात्र आधी दोनदा बोलून पाहिलं, कारण पहिल्या सरावात तो तिसऱ्या वाक्याला शिव्यांवर आला होता.

डीपी का जळते

या भागावर वेळ घालवणं समुपदेशनाच्या बाहेरचं वाटेल. पण त्याच्या रागातला निम्मा 'गावानं माझं वाटोळं केलं' या समजुतीवर उभा होता, आणि ती समजूत आकड्यांनी जितकी हलली तितकी उपदेशानं हलली नसती.

डीपी ६३ केव्हीएची (केव्हीए हे वीजभाराचं माप). पाच एचपीची एक मोटार चालताना, तिची कार्यक्षमता आणि पॉवर फॅक्टर धरून, साधारण ५.८ केव्हीए खेचते. म्हणजे दहा-अकरा मोटारी झेपतात. जोडण्या होत्या सतरा, शिवाय तारेवर चोरून टाकलेले दोन आकडे. मोटार सुरू होताना काही क्षण चालू प्रवाहाच्या पाच-सहा पट प्रवाह घेते. जवळपास प्रत्येक स्टार्टरला ऑटो स्विच लावलेला, म्हणजे लाईट आली की सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठणार. मग दाब कोसळतो. मोटारीचा जोर दाबाच्या वर्गानुसार घटतो: ४१५ ऐवजी ३३० व्होल्ट मिळाले तर जोर ६३ टक्क्यांवर येतो, मोटार 'उचलत नाही', गुणगुणत राहते आणि वेटोळं तापतं. तेवढ्यात एखाद्या फेजचा फ्यूज गेला तर उरलेल्या दोन तारांमधून पावणेदोन पटीच्या आसपास प्रवाह जातो आणि मोटार भरायला न्यावी लागते.

हे कागदावर मांडल्यावर त्यानं बराच वेळ काही म्हटलं नाही. मग म्हणाला, "म्हंजे माझ्या ऑटोनंबी डीपी जळायलीय." एवढ्या एका वाक्यात दोष बाहेर टाकणंही थांबलं आणि स्वतःवर घेणंही, कारण आता समोर एक व्यवस्था दिसत होती आणि तिच्यात त्याचा सतरावा हिस्सा होता.

त्यातून पाळी निघाली. सतरा मोटारींचे दोन गट, नऊ आणि आठ. आठ तासांपैकी पहिले चार एका गटाचे, नंतरचे चार दुसऱ्याचे, दर आठवड्याला अदलाबदल. ऑटो सगळ्यांचे काढायचे. प्रत्येकानं स्टार्टरमधून मोटारीला २ केव्हीएआरचा कपॅसिटर, म्हणजे मोटारीचा डीपीवरचा भार हलका करणारा भाग, बसवायचा. अपेक्षित विरोध आला: "आमचे तास निम्मे झाले." त्यानं आपल्या वहीतली नोंद दाखवली. आदल्या सहा रात्रींत आठ-आठ तास लाईट असूनही त्याची मोटार रात्रीला सरासरी तीन तास धड चालली होती. तुटक तीन तासांपेक्षा पूर्ण दाबाचे चार तास जास्तच. बैठक मारुतीच्या पारावर झाली आणि यादी पिठाच्या गिरणीत लागली, कारण तिथे सगळ्यांच्या घरचं माणूस येतं.

काय फसलं

दुसऱ्या भेटीत, १४ तारखेला, संथ श्वास शिकवला: तीन मोजेपर्यंत आत, तीन मोजेपर्यंत बाहेर, छाती नव्हे तर पोट हललं पाहिजे, रोज सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं. त्यानं सराव केला नाही. "राग आला की करीन" असं म्हणाला, आणि ते तसंच सोडून दिलं गेलं. ही समुपदेशकांची चूक.

पाळी १२ तारखेपासून चालू होती. दोन एकर भिजायला वीस तास, म्हणजे पाच रात्री. चार रात्री नीट गेल्या. पाचव्या रात्री, १६ तारखेला, शेवटचा अर्धा एकर राहिलेला असताना पलीकडच्या गटातल्या दोघांनी गुपचूप ऑटो चालू ठेवले. दोन वाजता फ्यूज गेला. पुन्हा शेवटच्या पायरीवर, पुन्हा तसाच अंधार. त्यानं श्वास मोजायचा प्रयत्न केला आणि काही उपयोग झाला नाही. होणारही नव्हता. पोहायला पुरात शिकत नाहीत. शांत असताना शंभर वेळा केलेला श्वासच भडका उडाल्यावर हाताशी येतो. तो शेजाऱ्याच्या आखाड्यावर जाऊन अर्धा तास ओरडला.

पण त्या रात्री तीन गोष्टी झाल्या नाहीत. तो डीपीकडे गेला नाही. त्यानं काही फोडलं नाही. आणि तो घरी गेला नाही. पहिल्या भेटीत एक जर-तर वाक्य ठरलं होतं, त्यानं ते स्वतःच्या शब्दांत वहीत लिहिलं होतं: "मोटार उचलली नाही तर आधी स्टार्टर बंद, मग मीटर बघायचा, ३५० च्या खाली असला तर आखाड्यातच झोपायचं, घरी जायचं नाही." अशा वाक्यात परिस्थिती आणि कृती दोन्ही ठरलेल्या असतात, म्हणून त्या क्षणी विचार करावा लागत नाही. 'राग आवरायचा' या निश्चयात यांतलं काहीच नाही, म्हणून तो टिकत नाही.

ओरडून बरं वाटलं का, असं तिसऱ्या भेटीत विचारलं. तो म्हणाला, तेवढ्यापुरतं, पण मग पहाटेपर्यंत झोप आली नाही. वाफ बाहेर काढली की राग ओसरतो, हा समज गावातही पक्का आहे आणि शहरातही. ब्रॅड बुशमनच्या २००२ च्या प्रयोगात, ज्यानं चिडवलं त्याचा विचार करत गुद्द्यांची पिशवी बडवणारे लोक नुसते शांत बसलेल्यांपेक्षा जास्त रागावलेले आढळले. ओरडताना माणूस तोच प्रसंग मनात पुन्हा घडवत असतो.

दुसऱ्या दिवशी त्या दोघांशी बोलायला तो एकटा गेला नाही. गटातले तिघे गेले. दंडाची भाषा झाली नाही. त्यांतल्या एकाची अडचण खरी होती: त्याला डोळ्यांनी रात्री दिसत नाही, ऑटो काढला तर विहिरीवर जाणार कोण? त्याची मोटार सुरू करण्याचं काम शेजाऱ्यानं घेतलं. हे आधीच विचारलं असतं तर पाचवी रात्र वाचली असती.

मुलगा आणि बायको

मुलगा डबा घेऊन यायचा बंद झाला होता, बहीण यायची. वडिलांनी त्याला दुसऱ्याच दिवशी नवा टॉर्च आणून दिला होता आणि विषय मिटला असं धरलं होतं. वस्तू देऊन माफी होत नाही, विशेषतः चौदाव्या वर्षी. तिसऱ्या भेटीत माफीचं वाक्य तयार झालं, आणि त्यातून 'पण' काढायला सर्वांत जास्त वेळ लागला. पहिलं वाक्य होतं: "मी मारायला नको होतं, पण तूही टॉर्च विसरलास." शेवटचं होतं: "मी तुला मारलं ते चुकलं. राग लाईटचा होता, तुझा नव्हता. परत असं झालं तर मी आखाड्यावर थांबीन." मुलगा काही बोलला नाही. त्यानं बोलावं अशी अपेक्षाही ठेवायची नाही, हे वडिलांना आधी सांगून ठेवलं होतं.

बायकोच्या बाबतीत काम उशिरा सुरू झालं. पहिल्या दोन भेटींत ती फक्त माहिती देणारी होती: तो किती झोपतो, किती खातो, कधी चिडतो. चौथ्या भेटीत तिला पहिल्यांदा तिचं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "त्यायचा राग दिसतो. माझा चुलीतच जळतो." तिचंही शिक्षण अडलेलं होतं, बचत गटाचा हप्ता थकला होता, आणि नवऱ्याच्या रागाच्या अंदाजावर तिचा दिवस चालत होता. बायकांचं वैफल्य आदळआपट करत नाही म्हणून ते नोंदीत येत नाही. ते डोकेदुखी, न जेवणं, मुलींवरची धुसफुस अशा रूपात येतं. तिच्यासाठी वेगळ्या दोन भेटी ठरवल्या आणि हप्त्याचं प्रकरण तिच्या स्वतःच्या तीन रकान्यांत गेलं. घरात एक माणूस चिडतो म्हणून एकाच माणसाची वही उघडायची, ही पद्धत सोडायला हवी.

नोंदी

वैतागाचे प्रसंग तो वहीत रेघ मारून मोजत होता, घरच्यांवर निघालेल्या रेघेला गोल. ७ ते १३ फेब्रुवारीच्या आठवड्यात ११ रेघा, त्यांत ४ गोल. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ५ रेघा, गोल नाही. वैताग संपला नाही. संपावा अशी अपेक्षाही नव्हती. पाचव्या भेटीत पीएचक्यू-९ चे गुण ५ होते, नववा प्रश्न पुन्हा तोंडी विचारून शून्य. झोप दिवसपाळीच्या आठवड्यात सहा तास, रात्रपाळीत साडेचार. पुड्या सहा. श्वासाचा सराव संध्याकाळी होतो, सकाळी होत नाही.

शेवटचा अर्धा एकर दोन दिवस उशिरा भिजला आणि तिथला दाणा बारीक राहिला. दोन एकरांत १७ क्विंटल गहू झाला, त्याचा अंदाज २० चा होता. हे तीन क्विंटल त्यानं वहीत 'हातात नाही' या रकान्यात लिहिले, आणि तिथे लिहायला त्याला दोन दिवस लागले. नुकसान मान्य करणं ही सोडून देण्याची कृती नाही. ती वेगळी शिकावी लागते. टाळता न येणारा त्रास पुन्हा पुन्हा सोसलेला जीव बहुतेकदा सुटका समोर असतानाही प्रयत्न करत नाही, हे सेलिगमन आणि मायर यांनी १९६७ मध्ये कुत्र्यांवर दाखवलं. "आता करून काय उपयोग" असं जेव्हा वैताग न येता, थंडपणे, प्रत्येक गोष्टीबद्दल बोललं जातं, तेव्हा वैफल्याची हद्द संपून असहायता सुरू झालेली असते. तेव्हा वरची पद्धत पुरत नाही. मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावं लागतं. या प्रकरणात ती वेळ आली नाही, पण दर भेटीला तो प्रश्न विचारला गेला.

जूनमधल्या भेटीत गुण ४ होते. १०० केव्हीएच्या डीपीचा अर्ज अजून मंजूर नव्हता. त्याच डीपीवर उन्हाळ्यात दोन नवीन जोडण्या झाल्या होत्या, म्हणजे मोटारी एकोणीस. पुढची भेट नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ठेवली आहे, पेरणीआधी आणि ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याआधी, कारण पाळीची यादी नव्याने करावी लागेल आणि ती करताना भाऊ गावात असायला हवा.